डोमिनिका : दुर्गमतेने राखलेले निसर्गधन आणि पर्यटनाची नवी वाट

कॅरिबियन समुद्राच्या परिसरात नावाने जवळजवळ सारखे वाटणारे दोन देश आहेत. एक डोमिनिकन प्रजासत्ताक. त्याची लोकसंख्या एक कोटीहून अधिक असून २०२३ या एका वर्षात एक कोटी पर्यटकांचा टप्पा गाठल्याचे त्या देशाने जाहीर केले होते. दुसरा डोमिनिका. त्याची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे आणि तेथे मुक्कामाला येणाऱ्या पर्यटकांची वार्षिक संख्या एक लाखाच्या आतच राहत आली आहे. नावातील साम्यामुळे डोमिनिकाची टपाल-पाकिटे आणि प्रवाशांचे सामान पहिल्या देशात जाऊन पोहोचल्याच्या हकिगती तेथील लोक हसत हसत सांगतात. या दुसऱ्या, लहान आणि फारशा परिचित नसलेल्या देशात सध्या एक मोठा बदल घडू पाहतो आहे. मोठी विमाने उतरू शकतील असा पहिला आंतरराष्ट्रीय विमानतळ तेथे बांधला जात आहे. हा देश आजवर ज्या कारणामुळे जगापासून दूर राहिला आणि ज्या कारणामुळे त्याचे निसर्गवैभव टिकून राहिले, ते कारण एकच होते. तेच आता दूर केले जात आहे.

डोमिनिका हे बेट उत्तरेकडील ग्वादलुप आणि दक्षिणेकडील मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध आहे. लांबी सुमारे ४७ किलोमीटर, रुंदी सुमारे २६ किलोमीटर आणि क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर. एवढ्या लहानशा भूमीवर १,४४७ मीटर उंचीचे मॉर्न दियाब्लोतँ हे शिखर उभे आहे. संपूर्ण बेट ज्वालामुखीतून घडलेले असून पुन्हा जागृत होण्याची शक्यता असलेले नऊ ज्वालामुखी येथे असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. व्यापारी वाऱ्यांनी आणलेले ढग या डोंगरांवर अडतात आणि आतल्या उंच भागात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे बेटावर ३६५ नद्या आहेत, असे तेथील लोक म्हणतात. ही मोजणी कोणी काटेकोरपणे केली असेल असे नाही, परंतु दर वळणावर एखादा ओढा किंवा धबधबा भेटतो हे मात्र खरे.

कलिनागो या येथील मूळ रहिवाशांनी बेटाला ‘वाइतुकुबुली’ असे नाव दिले होते. त्याचा अर्थ, ‘तिचा देह उंच आहे’. १४९३ च्या ३ नोव्हेंबरला, रविवारी, कोलंबसाच्या दृष्टीस हे बेट पडले आणि त्या वारावरून त्याने ‘डोमिनिका’ हे नाव ठेवले. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे कोणत्याही युरोपीय सत्तेला येथे निर्वेधपणे राज्य करता आले नाही. कलिनागोंचा प्रतिकार आणि डोंगराळ भूप्रदेश ही त्याची दोन कारणे. १७४८ च्या तहाने फ्रान्स आणि ब्रिटन यांनी हे बेट तटस्थ ठेवण्याचे मान्य केले होते. १७६३ मध्ये ते ब्रिटनच्या हाती गेले. शेजारच्या सपाट बेटांवर उसाचे अफाट मळे उभे राहिले, तसे येथे राहू शकले नाहीत. मळ्यांवरून निसटलेले आफ्रिकी गुलाम याच अरण्यात आश्रय घेत आणि तेथून मळेवाल्यांशी लढत. राजधानी रोझो येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला पुतळा आजही दिसतो. ३ नोव्हेंबर १९७८ रोजी, म्हणजे कोलंबसाने बेट पाहिल्याच्याच तारखेला, डोमिनिका स्वतंत्र झाला.

पर्यटनाच्या प्रचलित मापाने मोजले तर या देशाकडे फारसे काही नाही. पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे, निळे उथळ पाणी आणि नारळीच्या सावलीतील आरामखुर्च्या हे कॅरिबियनचे जाहिरातींतून ठसलेले चित्र येथे जुळत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर ज्वालामुखीच्या राखेची काळी वाळू किंवा गोटे आहेत. सपाट जमीन इतकी कमी की विमानतळासाठीही जागा शोधावी लागली. ईशान्येकडील डग्लस-चार्ल्स विमानतळाची धावपट्टी लहान असून राजधानीपासून तो डोंगररस्त्याने एक-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्यामुळे दीर्घकाळपर्यंत प्रवाशांना अँटिग्वा, बार्बाडोस किंवा ग्वादलुप येथे उतरून लहान विमानाने किंवा बोटीने यावे लागे. डिसेंबर २०२१ मध्ये मायामीहून थेट विमानसेवा सुरू झाली तेव्हा त्या घटनेचा देशभर गौरव झाला. परंतु याच उणिवांमुळे हे बेट हॉटेलांच्या रांगांपासून वाचले, हेही नाकारता येणार नाही.

या बेटाचे खरे वैभव त्याच्या अंतरंगात आहे. मॉर्न त्रुआ पितों या नावाचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये स्थापन झाले आणि १९९७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. सुमारे सात हजार हेक्टरच्या या उद्यानात घनदाट वर्षावने, ढगांत बुडालेली खुरट्या झाडांची राने, डोंगरमाथ्यावरील तळी आणि उष्ण झरे आहेत. त्यांत सर्वाधिक कुतूहलाचा विषय म्हणजे ‘बॉयलिंग लेक’, अर्थात उकळते तळे. जमिनीतून वाफ आणि वायू बाहेर टाकणारे हे एक विवर आहे. पावसाचे आणि दोन ओढ्यांचे पाणी त्यात साठते आणि खालच्या उष्णतेने खदखदत राहते. साधारण साठ मीटर रुंदीच्या या तळ्याच्या काठाला मोजलेले तापमान ८० ते ९० अंश सेल्सियसच्या घरात आढळले आहे. मध्यभागी तर पाणी अखंड उसळत असते. आकाराने याहून मोठे असे गरम पाण्याचे एकच तळे जगात असल्याचे मानले जाते. ते न्यूझीलंडमध्ये आहे.

तेथे पोहोचायचे तर लोदा या गावाजवळून पायी निघावे लागते. जाण्यास साधारण तीन तास आणि येण्यास तितकेच. वाट आधी दाट अरण्यातून, मग चिखलाच्या निसरड्या चढणीवरून आणि शेवटी ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’ या उजाड दरीतून जाते. या दरीत गवताच्या काही काड्या, शेवाळ आणि नेचे सोडले तर फारसे काही उगवत नाही. पिवळ्या-करड्या खडकांतून गंधकाची वाफ फुसफुसत असते आणि ओढ्यांचे पाणी खनिजांमुळे दुधाळ, काळसर किंवा निळसर दिसते. हा प्रवास वाटाड्याविना करू नये असा तेथील आग्रह आहे, आणि तो केवळ वाटाड्यांच्या रोजगारासाठी नाही. धुके उतरले म्हणजे पायवाट आणि पातळ कवचाखालची उकळती जमीन यांतील भेद नवख्याला कळत नाही. हे तळे स्थिर आहे असेही समजू नये. डिसेंबर २००४ मध्ये त्यातील पाणी अचानक ओसरले आणि काही महिन्यांनी, २००५ मध्ये, ते पुन्हा भरून उकळू लागले.

या चढणीची दमछाक टाळायची असेल तर एमरल्ड पूल, ट्रफाल्गरचे जुळे धबधबे, मिडलहॅम धबधबा किंवा अरुंद कपारींतून पोहत जावे लागणारी टिटू घळ ही ठिकाणे आहेत. दक्षिणेकडे ‘शॅम्पेन रीफ’ नावाच्या प्रवाळभित्तीवर समुद्रतळातून वायूचे बुडबुडे अखंड वर येत असतात. आणि ज्यांना संपूर्ण बेट पायांखाली घालायचे आहे त्यांच्यासाठी २०११ मध्ये खुली झालेली वाइतुकुबुली राष्ट्रीय पायवाट आहे. सुमारे १८५ किलोमीटर लांबीची ही वाट चौदा टप्प्यांत विभागलेली असून दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जाते. तिचे काही भाग जुन्या कलिनागो वाटांवरून आणि पळून गेलेल्या गुलामांच्या मार्गांवरून आखले आहेत. रात्रीचा मुक्काम गावातल्या घरगुती निवासांत करावा लागत असल्याने पर्यटकाचा पैसा थेट खेड्यात पोहोचतो. कॅरिबियनमध्ये एवढ्या लांबीच्या पायवाटेचा हा पहिलाच प्रयोग होता.

समुद्राकडे वळले तर चित्र आणखी वेगळे दिसते. पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळ एकदम खोल जातो. त्यामुळे हजार मीटरहून खोल बुड्या मारून माकुळांची शिकार करणारे स्पर्म व्हेल येथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, आणि तेही वर्षभर, आढळतात. माद्या आणि पिल्ले यांची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या याच पाण्यात वावरत आली आहेत. प्रत्येक समूहाची ‘टिकटिक’ आवाजांची स्वतःची बोली असते, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले. त्या संशोधनाचा मोठा भाग डोमिनिकाच्याच समुद्रात झाला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पश्चिमेकडील सुमारे ८०० चौरस किलोमीटरचे क्षेत्र स्पर्म व्हेलसाठी राखीव असल्याचे जाहीर केले. या जातीसाठी असे क्षेत्र जाहीर करणारा हा जगातील पहिला देश ठरला. मोठ्या जहाजांसाठी ठरावीक मार्ग आखून देणे, त्यांच्या वेगावर मर्यादा घालणे आणि व्हेलसोबत पोहण्याच्या परवान्यांवर नियंत्रण ठेवणे ही त्यामागची कल्पना आहे. स्थानिक कोळ्यांच्या पारंपरिक मासेमारीला मात्र मुभा ठेवण्यात आली.

या निर्णयाची पार्श्वभूमी तितकी गोड नाही. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगात डोमिनिका अनेक वर्षे जपानच्या बाजूने मतदान करीत असे. जपानकडून मत्स्यव्यवसायासाठी मिळणारी मदत आणि हे मतदान यांचा संबंध टीकाकार उघडपणे जोडत. दक्षिण प्रशांत महासागरात व्हेलसाठी अभयक्षेत्र निर्माण करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध देशाने मत दिले, तेव्हा पर्यावरण खाते सांभाळणारे मंत्री ॲथर्टन मार्टिन यांनी २००० मध्ये राजीनामा दिला. स्वतःला निसर्गाचे बेट म्हणवून घेणाऱ्या देशाला हे मतदान शोभत नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. २००८ मध्ये सरकारने धोरण बदलून तटस्थ राहण्याचा निर्णय घेतला. व्हेल पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून मिळणारे उत्पन्न या फेरविचारामागे नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. पर्यटन निसर्गाचा नाश करते असे सरसकट म्हटले जाते. येथे त्याने निसर्गाच्या बाजूने वजन टाकले.

अरण्यातील जीवसृष्टीची स्थिती मात्र चिंताजनक आहे. ‘सिसरू’ हा जांभळ्या छातीचा मोठा पोपट जगात केवळ डोमिनिकातच सापडतो. तो राष्ट्रीय पक्षी असून देशाच्या ध्वजावर विराजमान आहे. २०१७ च्या वादळानंतर त्याची संख्या इतकी घटली की आज तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. बेडकाची कथा याहून करुण आहे. ‘माउंटन चिकन’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रचंड बेडूक एके काळी येथील राष्ट्रीय पक्वान्न होता. २००२ मध्ये कातडीला ग्रासणारी एक बुरशी बेटावर पोहोचली आणि अवघ्या दीड-दोन वर्षांत बहुतेक सर्व बेडूक नाहीसे झाले. आता त्याच्या शिकारीवर बंदी आहे आणि रात्री कुठे त्याचा आवाज ऐकू आला तर संशोधक त्याची नोंद घेतात.

पूर्व किनाऱ्यावर, जेथे अटलांटिकच्या लाटा कड्यांवर आदळतात, कलिनागो प्रदेश आहे. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सुमारे ३,७०० एकर जमीन या समाजासाठी राखून ठेवली. आज तेथे सुमारे तीन हजार लोक राहतात. जमीन संपूर्ण समाजाच्या सामाईक मालकीची आहे. ती कोणा एकाला विकता येत नाही, तशीच गहाणही ठेवता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या धनिकाला तेथे हॉटेल बांधता आले नाही. पण कलिनागो तरुणालाही चार खोल्यांचे अतिथिगृह उभारण्यासाठी बँकेचे कर्ज मिळणे अवघड होते. जे कवच रक्षण करते, तेच हालचाल रोखते. लारूमा या वेतासारख्या वनस्पतीच्या दुरंगी टोपल्या आणि गोमिए वृक्षाचे खोड कोरून केलेल्या होड्या ही या समाजाची ओळख आहे. २०२३ मध्ये सिल्व्हनी बर्टन या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कलिनागो व्यक्ती होत.

मग एवढे निसर्गधन जपलेल्या देशाला विमानतळाची घाई का झाली? याचे उत्तर केळीच्या बागांत सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोमिनिकाची अर्थव्यवस्था केळीच्या निर्यातीवर उभी होती. डोंगरउतारावरील लहान शेतकरी केळी पिकवत आणि ती ब्रिटनच्या बाजारात सवलतीच्या अटींवर विकली जात. अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतील काही देशांनी १९९६ मध्ये या सवलतींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, आणि १९९७ मध्ये निकाल तक्रारदारांच्या बाजूने लागला. सपाट प्रदेशातील अवाढव्य मळ्यांशी या उतारांवरच्या शेतकऱ्याला स्पर्धा करणे शक्य नव्हते. बागा ओस पडल्या, तरुण माणसे ब्रिटन, अमेरिका आणि शेजारच्या बेटांकडे निघून गेली. देशाची लोकसंख्या १९७० च्या सुमारास जितकी होती, जवळपास तितकीच २०११ च्या जनगणनेतही आढळली. चाळीस वर्षांत जन्मलेल्यांपैकी किती जण देशाबाहेर गेले, याचा अंदाज एवढ्या एका गोष्टीवरून येतो.

त्यात वादळांची भर पडली. ऑगस्ट १९७९ मध्ये, स्वातंत्र्याला एक वर्षही झाले नव्हते तेव्हा, डेव्हिड या चक्रीवादळाने बहुसंख्य लोकांना बेघर केले. ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका या वादळात वाऱ्यापेक्षा पावसाने हानी केली. दरडी कोसळून पेतीत साव्हान हे गाव कायमचे रिकामे करावे लागले आणि मुख्य विमानतळावर पुराचा गाळ साचला. ते सावरत असतानाच १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री सर्वोच्च श्रेणीचे मारिया हे चक्रीवादळ बेटावरून गेले. एकूण हानी सुमारे १३० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के इतकी नोंदवली गेली. मृत आणि बेपत्ता मिळून पासष्ट जण गमावले. बहुतेक घरांची छपरे उडाली आणि हिरव्या डोंगरांवर एकही पान उरले नाही. विमानातून पाहणाऱ्यांना बेट वणव्याने जळून गेल्यासारखे दिसले. पाचच दिवसांनी पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत, हवामान बदलाच्या युद्धाची पहिली आघाडी आपल्या बेटावर आहे अशा आशयाचे भाषण केले आणि वादळांना तोंड देण्यास पूर्णतः समर्थ असे जगातील पहिले राष्ट्र घडविण्याचा संकल्प सोडला.

संकल्प मोठा होता. पैसा कोठून आणायचा हा प्रश्न होता. त्याचे उत्तर डोमिनिकाने पारपत्राच्या रूपाने शोधले. ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्या परदेशी व्यक्तीस नागरिकत्व देण्याची योजना तेथे १९९३ पासून आहे. मारियानंतर या उत्पन्नाचे महत्त्व फार वाढले. वादळात टिकतील अशी काँक्रीटची घरे, आरोग्य केंद्रे आणि रस्ते यांसाठी त्याचा उपयोग झाला; कॅब्रिट्स राष्ट्रीय उद्यानाजवळील आलिशान हॉटेलांसारखे प्रकल्पही याच योजनेतून उभे राहिले. नव्या विमानतळाचा आर्थिक आधारही हाच आहे. परंतु हे उत्पन्न इतर देशांच्या मर्जीवर अवलंबून असते. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने, या योजनेचा दाखला देत, डोमिनिकाच्या नागरिकांना व्हिसाची अट लागू केली. २०२४ मध्ये किमान रक्कम एक लाखावरून दोन लाख डॉलर करण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनेही डोमिनिकाच्या नागरिकांच्या प्रवेशावर अंशतः निर्बंध जाहीर केले. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना भेटू इच्छिणाऱ्या सामान्य डोमिनिकी माणसाला या व्यापाराची किंमत अशी मोजावी लागते. ज्या पैशावर विमानतळ उभा राहतो आहे, त्याचा झरा आटण्यापूर्वी तो पूर्ण व्हावा, ही घाई त्यामुळे समजण्यासारखी आहे.

विमानतळ ईशान्येकडील वेस्ली गावाजवळ बांधला जात आहे. त्यासाठी टेकड्या कापाव्या लागल्या, घरे आणि बागायती जमिनी संपादित कराव्या लागल्या. काम पूर्ण होण्याची मुदत एकदाहून अधिक वेळा पुढे गेली आहे. विमानतळाला विरोध करणारे लोक देशात असले तरी मोठ्या संख्येने नसावेत. आजारी माणसाला उपचारासाठी बाहेर नेणे, वादळानंतर मदत आणणे आणि शेतमाल ताजा असताना पाठविणे या गोष्टींसाठी त्याची गरज कोणीही मान्य करील. खरी चिंता दुसऱ्या प्रकल्पाविषयी आहे. रोझोच्या खोऱ्यातून थेट उकळत्या तळ्यापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा रोपवे बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले. जेथे तीन तास चालून पोहोचावे लागते तेथे काही मिनिटांत जाता येईल. राजधानीच्या धक्क्याला सकाळी लागून संध्याकाळी निघून जाणाऱ्या क्रूझ जहाजांतील प्रवाशांसाठी ही सोय आहे, हे उघड आहे. या प्रवाशांची संख्या देशाच्या लोकसंख्येच्या काही पट असते. ते जेवतात जहाजावर, झोपतात जहाजावर. बेटावर त्यांचा खर्च थोडाच होतो.

रोपवेच्या समर्थकांचे म्हणणे असे की वृद्ध, अपंग आणि लहान मुले यांनाही हे आश्चर्य पाहण्याचा हक्क आहे, आणि पायवाटेची धूप त्यामुळे कमीच होईल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु वाटाड्याची रोजी, लोदा गावातील खानावळ आणि थकून परतलेल्या पाहुण्याला गरम गंधकी पाण्याचे कुंड भाड्याने देणारे वॉटन वेव्हन गावातील कुटुंब यांचे उत्पन्न त्या तीन तासांच्या चालण्यावरच अवलंबून आहे. तिकिटाची खिडकी बसली की पैसा तिकिटाच्या खिडकीवर थांबतो. शिवाय ज्या तळ्यातील पाणी एकदा काही महिने नाहीसे झाले होते, ज्या डोंगरांवर दरडी सतत सुटतात आणि ज्या बेटावरून सर्वोच्च श्रेणीची वादळे जातात, तेथे खांब आणि तारांचा हा पसारा किती वर्षे सुरक्षित राहील, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहेच. पायवाटेवर दरड आली तर आठवड्याभरात ती मोकळी करता येते.

त्याच खोऱ्यात, लोदाजवळ, भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्याचा १० मेगावॉटचा प्रकल्पही जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. डिझेल आयात करून वीज बनविणाऱ्या देशासाठी तो मोलाचा आहे. तळे उकळविणाऱ्या अग्नीवरच घरातला दिवा लागणार असेल, तर पर्यावरणवाद्यांनाही त्यावर आक्षेप घेणे कठीण जाईल. आपत्तींना तोंड देण्याच्या संकल्पाशी हा प्रकल्प जितका सुसंगत दिसतो, तितका रोपवे दिसत नाही.

भारतीयांना डोमिनिकाचे नाव बहुधा क्रिकेटमुळे ठाऊक असते. रोझो येथील विंडसर पार्क हे मैदान चीनच्या साहाय्याने बांधून २००७ मध्ये खुले झाले. त्याआधी २००४ मध्ये डोमिनिकाने तैवानशी असलेले राजनैतिक संबंध तोडून चीनशी जोडले होते. या मैदानावरील पहिला कसोटी सामना जुलै २०११ मध्ये भारताविरुद्ध झाला. जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने आपल्या पहिल्याच कसोटीत येथे १७१ धावा केल्या आणि भारताने तो सामना एक डाव आणि १४१ धावांनी जिंकला. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यांना मैदानामागचे हिरवे डोंगर तेव्हा दिसले असतील. उकळते तळे त्याच डोंगरांच्या पलीकडे आहे. महासाथीच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, भारताने डोमिनिकाला कोविशिल्ड लशीच्या ७० हजार मात्रा पाठवल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ही लस त्या देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास निम्म्या भागाला पुरेशी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउन येथे भारत-कॅरिकॉम शिखर परिषदेच्या वेळी राष्ट्राध्यक्ष बर्टन यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना आपल्या देशाचा सर्वोच्च सन्मान दिला, तो या मदतीच्या कृतज्ञतेपोटी.

भारतीय पारपत्रधारकाला डोमिनिकामध्ये सहा महिन्यांपर्यंत व्हिसाविना राहता येते, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. अडचण वाटेत येते. भारतातून तेथे थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचे तर तेथे केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ग्वादलुप किंवा मार्टिनिकहून बोटीने जायचे तर फ्रान्सच्या नियमांची पूर्तता करावी लागते. लंडनहून अँटिग्वा किंवा बार्बाडोस गाठून पुढचे लहान विमान पकडणे हा मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. त्यातही ब्रिटनच्या संक्रमण व्हिसाचे नियम आधी पाहून घ्यावे लागतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ टाळून डिसेंबर ते मे या महिन्यांत गेल्यास पाऊस कमी असतो, पण डोंगरांत तो पूर्णपणे कधीच थांबत नाही. उकळत्या तळ्याच्या वाटेवर निघणाऱ्याने दुसऱ्या जोडीचे बूट बरोबर ठेवावेत. पहिली जोडी परतताना गंधकाच्या चिखलाने ओळखू येईनाशी झालेली असते.